ट्रकवाल्यांचा संप झाला तर मे महिन्यात गुहागर-मालवण गाडीने जावं का?

ठाकुर्लीवाली

मंडळी जरा घाईत विचारतेय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गाडीने निघतोय. ठाकुर्ली ते गुहागर, तिथे दोन रात्री, मग तवसाळ-जयगड फेरीबोट, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि पुढे सागरी रस्त्याने देवगड करत मालवण, येताना सरळ हायवे. गाडी सीएनजीवाली अर्टिगा, माणसं सहा, त्यात सासूबाईंचे गुडघे आणि धाकट्याला घाट आला की गाडी लागते.

आता झालंय असं की मिस्टरांच्या ऑफिसात माल पाठवायचं काम बघणारे एकजण म्हणाले की डिझेलच्या दरावरून ट्रकवाल्यांचं चक्का जामचं बोलणं चाललंय. तारीख पक्की कोणालाच माहीत नाही पण व्हॉट्सॅपवर रोज नवीन तारीख फिरतेय आणि प्रत्येक मेसेजखाली "खात्रीलायक". आमच्या घरात लगेच दोन पक्ष. मिस्टर म्हणतात काही होत नाही, सासूबाई म्हणतात नणंदेचं आठव. नणंद २०२३ चा थर्टीफर्स्ट करायला आंजर्ल्याला गेली होती, येताना पंपावर पेट्रोलच नाही, पोरं कंटाळलेली, शाळा सुरू, नवरा-बायको दापोलीत या पंपावरून त्या पंपावर. ती गोष्ट अजून प्रत्येक लग्नात ऐकायला मिळते.

तर विचारायचं हे की ट्रकवाले कोकणात रस्ता अडवतात का, पेट्रोल-सीएनजी मिळेल का, घरून कॅन भरून न्यावा का, आणि होमस्टेला ॲडव्हान्स दिलाय तो बुडाला समजायचा का. तिकडच्या लोकांनी सांगा प्लीज, आमच्या सोसायटीतले सगळे तज्ज्ञ ऐकून झालेत.

असगोलीकर

ताई माझ्या पण दोन खोल्या आहेत भाड्याच्या, त्यामुळे मी "या" म्हणणारच, हे धरून वाचा.

रस्त्याची काळजी करू नका. ट्रकवाल्यांचा संप म्हणजे आमच्याकडे गाड्या बाजूला लावून बसणं, हातखंब्याला, लोट्याला, पोलादपूरच्या अलीकडे ढाब्यांवर. कुठे घोषणा, कुठे दहा मिनिटं रास्ता रोको, पोलीस येतात, फोटो निघतात, मोकळं. फॅमिलीच्या गाडीला कोणी हात लावत नाही. संपाची झळ हायवेवर लागतच नाही, ती लागते पंपावर आणि आमच्या स्वयंपाकघरात.

कारण आमचं सगळं घाटावरनं येतं. दूध कुंभार्ली उतरून, भाजी कराड-कोल्हापूरकडनं, कोंबडी, अंडी, सिलिंडर, पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स सगळं. गावठी दूध असतं पण ते चार घरांपुरतं, मेमध्ये पंचवीस पाहुणे असले की त्याचा चहासुद्धा निघत नाही. गाड्या थांबल्या की पहिले दोन दिवस काही कळत नाही, तिसऱ्या दिवशी मंडईत टोमॅटोच्या जागी नुसत्या पाट्या. मग आम्ही फणसाची भाजी, काजूची उसळ, कुळथाचं पिठलं असं सुरू करतो आणि गंमत म्हणजे पाहुणे ह्यालाच "ऑथेंटिक" म्हणून फोटो काढतात.

मासळीचं तर उलटंच होतं. होड्या ३१ मेपर्यंत जातात, १ जूनपासून बंदी. संपाच्या पहिल्या दिवशी बाहेर जाणारा माल जागेवरच पडतो त्यामुळे सुरमई स्वस्त, दाबून खा. मग बर्फाची गाडी येत नाही, मच्छीमार सोसायटीच्या पंपावर डिझेल संपतं, होड्या किनाऱ्याला. मग सुरमई कुठली आणि भाव कुठला.

ॲडव्हान्सचं म्हणाल तर परत मागू नका, तारीख पुढे ढकलून मागा. परत द्यायचे म्हटलं की आमचा जीव जातो कारण ते पैसे कौलं शेकारण्यात गेलेले असतात. तारीख बदलून द्यायला कोणी नाही म्हणणार नाही. पण आत्ताच फोन करून बोलून ठेवा, संप लागल्यावर होमस्टेवाल्याला एका दिवसात पंधरा जणांचे फोन येतात.

उगाच_बोलतो

एवढं कसलं टेन्शन, ट्रक बंद म्हणजे वडखळ ते माणगाव मोकळा रस्ता. एवढ्यासाठी मी स्वतः संपाला वर्गणी देईन. २०११ पासून तो हायवे रुंद होतोय, निदान एक दिवस तरी रुंद वाटेल.

दहाटायरी

वर्गणी राहू द्या साहेब, आमचं भाडं वेळेवर द्या म्हणावं तुमच्या कंपन्यांना.

माझी एक दहा टायरी आहे, लोटे एमआयडीसी ते वाशी-भिवंडी. मालक मीच, अर्ध्या वेळा ड्रायव्हरपण मीच. भरलेली गाडी लिटरला चारच्या आत जाते, चिपळूण-वाशी जाऊन येऊन साडेचारशेच्या वर किलोमीटर, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आसपास डिझेल. डिझेल एक रुपया वाढलं की एका फेरीला माझे सव्वाशे गेले. आणि भाडं ठरलंय वर्षाचं. माल देणाऱ्या पार्टीला म्हटलं दर वाढलाय, तर म्हणते दुसरी गाडी बघतो. दुसरी गाडी मिळतेपण, कारण कोणाचा तरी बँकेचा हप्ता थकलेला असतो आणि तो पडेल त्या भाड्याला भरतो. वर इंजिनाचा धूर साफ करायला लागतो तो युरिया टाका, टोल भरा, टायर बदला, ई-चलन तर घरी झोपलो असताना पण येतं. डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे त्याच्यावरच्या टॅक्सचा परतावा वगैरे काही नाही, केंद्राचं एक्साइज आणि राज्याचा व्हॅट दोन्ही आमच्या डोक्यावर. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोव्यात शिरलं की तेच डिझेल स्वस्त, का तर रेघ बदलली.

१६ जून २०१७ पासून दर रोज बदलणार म्हणून सांगितलं, क्रूड उतरलं की तुम्हाला पण उतरून मिळेल. चढताना रोज चढलं, उतरायची वेळ आली की महिनोन्‌महिने दर तिथल्या तिथे. म्हणून २०१८ ला ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस या आमच्या मालकांच्या संघटनेने बंद केला तेव्हा मागणीच ती होती की टॅक्स कमी करा, देशभर एक दर ठेवा आणि दर तीन महिन्यांनी बदला म्हणजे भाडं ठरवता येतं. २० जुलैला सुरू झाला, आठ दिवस चालला, आश्वासन घेऊन मिटला. माझी गाडी आठही दिवस दारात उभी होती, हप्ता मात्र उभा राहिला नाही. गणपतीत तर संप नसतानाच आम्हाला हायवेवर बंदी, का तर चाकरमान्यांना रस्ता मोकळा पाहिजे. त्याला ना नाही, माझा भाऊपण येतो मुंबईहून. पण तेव्हा आमचं कोणी विचारत नाही आणि आम्ही थांबलो की मग "लोकांना वेठीस धरलं".

ताई राग तुमच्यावर नाही. तुमच्या कामाचं एकच सांगतो. संपाची बातमी आली की आधी बघा संप मालकांचा आहे की ड्रायव्हरचा. डिझेलच्या दरावरून असतो तो मालकांचा, कारण डिझेल मालकाच्या खिशातून जातं. त्यात दूध, भाजी, औषध, पेट्रोलचे टँकर शक्यतो सोडतात, २०१८ ला पण बाहेर ठेवले होते. तुमच्या नणंदबाई अडकल्या तो डिझेलचा नव्हताच, तो ड्रायव्हर लोकांचा होता, हिट अँड रनच्या कायद्यावरून. दहा वर्षं जेल म्हटल्यावर टँकरचा ड्रायव्हर पण स्टेअरिंग सोडून खाली उतरला, त्याला मालकाने सांगून काय होणार.

पंपावरचा_पोऱ्या

दहाटायरी दादा बरोबर बोलले. मी हायवेलगतच्या पंपावर आहे, रत्नागिरी जिल्ह्यात, पंपाचं नाव नको.

१ जानेवारी २०२४ ला सोमवार होता, थर्टीफर्स्टला आलेली सगळी मुंबई-पुणे परत निघालेली. आमचा टँकर मिरजेकडनं येतो, तो सकाळी आलाच नाही, फोन केला तर ड्रायव्हर म्हणतो गाडी डेपोच्या बाहेर लावलीय. तरी टाकीत माल होता, नेहमीसारखी गिऱ्हाईकं आली असती तर दीड दिवस सहज काढला असता. पण मोबाईलवर पंप बंद होणार म्हणून मेसेज फिरला आणि ज्याची टाकी पाऊण भरलीय तो पण दोनशेचं टाकायला रांगेत. रांग पार सर्व्हिस रोडला. मालकाने सांगितलं टू व्हीलरला दोनशेचं आणि चारचाकीला हजारचं, त्याच्यावर कोणाला नाही, तर एकजण माझ्या कॉलरला आला, बारामतीची गाडी होती. मी दर अर्ध्या तासाने डिप मारून, म्हणजे टाकीत मोजायची काठी घालून बघत होतो, काठी खालपर्यंत गेली की नुसतं टोक ओलं. लोकांना वाटतं आम्ही लपवून ठेवतो. टाकीच्या तळातलं थोडं पंपाने खेचलंच जात नाही आणि थोडं ॲम्ब्युलन्स, पोलीस गाडीसाठी ठेवावं लागतं. दोन तारखेला रात्री दिल्लीत बोलणी होऊन मिटलं, पण मिटलं म्हणजे लगेच टँकर येत नाही, डेपोत पण नंबर लागतो ना.

म्हणून ताई तुम्ही असं करा. सीएनजीवर अवलंबून राहू नका. कोकणातल्या बऱ्याच सीएनजी पंपांना पाइपलाइन नाही, गॅस कॅस्केडच्या, म्हणजे सिलिंडर लावलेल्या गाडीतून येतो, म्हणजे तोही ट्रकच झाला. संप नसताना पण मेमध्ये दीड-दोन तास रांग असते आणि नंबर आला की प्रेशर कमी. तुमच्या अर्टिगात पेट्रोलची टाकी ४५ लिटरची असते, ती पनवेलला फुल करा. सहा माणसं, सामान, एसी, घाट धरून लिटरला चौदा-पंधरा तरी जाईल, म्हणजे सहाशेच्या वर. ठाकुर्ली-गुहागर अडीचशेच्या आसपास, तिथून सागरी रस्त्याने मालवण पण तेवढंच. म्हणजे मालवणपर्यंत पंप दिसला नाही तरी पोचाल. परतीसाठी एकदा भरावंच लागेल, ते शेवटच्या दिवसावर ठेवू नका. रत्नागिरी शहरात पोचाल तेव्हा अर्धी टाकी असली तरी टॉपअप करा. मालवणहून कुडाळ, सावंतवाडी फिरणारच असाल तर गोव्याच्या हद्दीतला पंप लांब नाही, तिकडे माल वास्कोकडनं येतो, आमच्याकडे खडखडाट असला तरी तिकडे मिळू शकतं.

कॅन अजिबात नको. पंपवाले प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, बाटलीत पेट्रोल देत नाहीत आणि द्यायचं पण नसतं. मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत पोरांच्या पायाशी पेट्रोल, नुसता विचार करा.

उगाच_बोलतो

गाडीच कशाला मग, ट्रेनने जा ना. कोकण रेल्वे २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे, डिझेलचा काय संबंध. ट्रकवाले स्वतः पण १९९९ पासून कोलाडहून गाडीवर गाडी चढवून रो-रोने गोव्याला जातात, एवढे शहाणे आहेत ते.

असगोलीकर

मेचं तिकीट आत्ता कुठून मिळणार ह्यांना, वेटिंग बघितलंय का? आणि चिपळूणला उतरून सहा माणसं, गुडघे, बॅगा घेऊन गुहागरपर्यंत एसटी. एसटी चालू असते हे खरं, पण डेपोतला पंपपण टँकरनेच भरतो, लांबला संप की फेऱ्या कापतात.

डेकवरून

मर्चंट नेव्हीत आहे, गाव हर्णै. वर कोणीतरी "काही होत नाही" म्हणणाऱ्या मिस्टरांचा उल्लेख केलाय म्हणून लिहितोय. मे २०१८ ला आमचं जहाज ब्राझीलमध्ये सांतोसच्या बाहेर नांगरावर होतं, साखर भरायची होती आणि साखर येईना. तिकडे पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीने जुलै २०१७ पासून डिझेलचा दर जवळजवळ रोज बदलायला सुरुवात केली होती, म्हणजे आपल्यानंतर महिन्याभरात, आणि वर्ष होतं न होतं तोवर २१ मेला ट्रकवाल्यांनी गाड्या हायवेच्या कडेला लावल्या. तिथले खूप ट्रकवाले ह्या दहाटायरी भाऊंसारखे, स्वतःची एक गाडी. त्यामुळे मालक कोण आणि ड्रायव्हर कोण हा फरकच नाही, सगळेच थांबले. चार दिवसांत पंप कोरडे, ब्रासिलियाच्या विमानतळावर विमानाचं इंधन संपलं, खाद्य पोचलं नाही म्हणून कोंबड्या लाखोंनी मेल्या, साओ पावलो शहरात आणीबाणी जाहीर झाली, राष्ट्राध्यक्ष तेमेर यांनी लष्कर बोलावलं तरी गाड्या लगेच हलल्या नाहीत. आणि त्यातच ३१ मेला कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाची सुट्टी, जोडून वीकएंड, लोकांचे किनाऱ्यावर जायचे बेत बोंबलले. आमच्या एजंटने मेव्हणीचं बुकिंग रद्द झाल्याचं रडगाणं जहाजाच्या रेडिओवर ऐकवलं होतं. शेवटी सरकारने लिटरमागे ४६ सेंतावो (तिकडचे पैसे) साठ दिवसांसाठी कमी केले, पेट्रोब्रासच्या प्रमुखाने १ जूनला राजीनामा दिला.

आपल्याकडे इतकं टोकाला जाईल असं मला वाटत नाही, संघटना जास्त, त्यांची तोंडं वेगवेगळी. पण पहिल्या तीन दिवसांत मिटलं नाही तर पुढचं कोणाच्याच हातात राहत नाही, हे मी बघितलंय. म्हणून तारीख जाहीर झाली आणि तुमचं निघणं संपाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी येत असेल तर पुढे ढकला. पहिल्याच दिवशी येत असेल तर खुशाल निघा.

देवगडी_कलमवाला

ताई देवगडावरना जातलात ना? मग आमचा पण आयका. तुमी येतलास ता बराच असा, पण संप झालो तर आमचा काय होतला ता कोणच इचारणा नाय.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. मेचा दुसरा आठवडा म्हणजे आमचा शेवटचा आंबा. मोहोर लागल्यापासून फवारण्या, राखण, माकडं, अवकाळी, सगळं करून ही शेवटची काढणी. संध्याकाळी पेट्या भरल्या की पिकअप रात्री निघतो आणि पहाटे वाशीला लागतो. ती एक रात्र चुकली की आंबा थांबत नाही. आढीत घातलेला असो की पेटीत, मेच्या गरमीत तो त्याच्या वेळेला पिकणारच. मागे असाच बंद होता तेव्हा माझ्या शेडात पेट्या एकावर एक लागलेल्या, चौथ्या दिवशी दार उघडलं तर वास असा सुटलेला की रस्त्यावरचा माणूस थांबून बघेल, आणि मला मात्र पोटात गोळा, कारण तो वास म्हणजे माल गेला. खालच्या पेट्यांना डाग धरला होता, गवत ओलं. शेवटी सगळं कॅनिंगला, म्हणजे रस काढणाऱ्या कारखान्याला दिलं किलोवर. डझनावर विकायचा आंबा किलोवर दिला की काय वाटतं ते बागायतदारालाच विचारा. दलालाची पट्टी, म्हणजे हिशोबाची चिठ्ठी आली ती बघून बायको काही बोलली नाही, चहा ठेवला आणि आत गेली.

तरी दहाटायरीवाल्या भावाला मी नावं ठेवत नाही. पिकअपवाला पण आमच्याच वाडीतला आहे, डिझेल वाढलं की तो पेटीमागे भाडं वाढवून मागतो, मी म्हणतो सीझन झाल्यावर बघू, आणि सीझन झाल्यावर दोघांकडे पण काही नसतं. फवारणीच्या पंपाला पण इंधन लागतं. सरकारने एक काय तो दर वर्षाच्या सुरुवातीला सांगावा, आम्ही कलमं त्याप्रमाणे मोजू.

संप असला तर येताना गाडीत जागा ठेवा ताई. बाजारभावापेक्षा खूप कमीत देईन, कॅनिंगपेक्षा मला बरं आणि वाशीपेक्षा तुम्हाला. फक्त पेटी डिकीत उन्हात ठेवू नका, एसी लागतो तिथे पायाशी ठेवा, धाकट्याची गाडी लागायची पण थांबेल, असं आपलं माझी आई म्हणते.

ठाकुर्लीवाली

बापरे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं, ब्राझीलवाला भाग दोनदा. कॅन रद्द. होमस्टेच्या काकूंना फोन केला, त्या म्हणाल्या तारीख बदलून देऊ पण जूनमध्ये मासे मिळणार नाहीत हे आत्ताच सांगून ठेवते, मग म्हणू नका. दहाटायरी दादा, तुमचं एका रुपयाला सव्वाशेचं गणित माझ्या नवऱ्याने ऑफिसातल्या त्या माल पाठवणाऱ्यांना ऐकवलं, तर ते म्हणाले हो हो, तेच सगळे बोलतात, आणि विषय बदलला.

असगोलीकर, एक राहिलंच विचारायचं. फेरीबोट डिझेलवर चालते ना? ती बंद पडली तर?

असगोलीकर

डिझेलवरच. बंद सहसा पडत नाही, त्यांच्याकडे साठा असतो थोडा, पण फेऱ्या कमी करतात आणि मेमध्ये दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते. बंद असली तर चिपळूण-संगमेश्वर करून रत्नागिरी, मोठा वळसा आहे, पेट्रोलच्या हिशोबात तो धरून ठेवा. तवसाळला उतरायच्या आधी वर गावात कोणाला तरी विचारा आज चालू आहे का, खाली धक्क्यावर जाऊन परत चढायचं म्हणजे धाकट्याचं काही खरं नाही.

पंपावरचा_पोऱ्या

आणि पनवेलला फुल करताना ऑटो कट झाला, म्हणजे नोझल आपोआप बंद झालं की थांबा ताई, वरनं अजून घाला म्हणू नका. सगळे म्हणतात.